मदत हवी आहे : प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर पाझरतोय, उभ्या गाडीतही

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६चं मॉडेल, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर. मुक्काम वरुड तालुक्यातलं खेडं. बाबांनी घेतलेली गाडी आहे आणि आजही बाजाराला, लग्नकार्याला तीच निघते. विकायची नाही, त्यामुळे ‘काढून टाका’ हा सल्ला कृपया नको.

त्रास असा. कार्बोरेटर सतत ओला. धार लागत नाही, नुसता पाझर आहे. वरचं झाकण आणि खालची वाटी यांच्या सांध्यातून तपकिरी ओघळ उतरून वाळलेला दिसतो, बोट फिरवलं तर चिकटतो. थ्रॉटलच्या दांडीची दोन्ही टोकंही ओली. गावात फेरी मारून आल्यावर थोड्या वेळानं बोनेट उघडलं की वासाचा भपकाराच येतो, आणि अशी गरम गाडी लवकर स्टार्ट होत नाही. सकाळी मात्र एका सेल्फमध्ये उठते.

मायलेज थोडं पडलंय, पण त्याची फिकीर नाही. भीती आगीची आहे. आमची शेड गोठ्याला लागून, शेजारच्या खणात कुटार (सुका भुसा) भरलेलं आणि भाव वाढायची वाट पाहत ठेवलेला कापूसही तिथंच. म्हणून सध्या गाडी अंगणाच्या टोकाला उघड्यावर ठेवतो, बॅटरीची तार काढून. तिथं एक नवीनच गोष्ट लक्षात आली : दिवसभर गाडीला हातही लावला नाही, तरी दुपारी उन्हं तापल्यावर कार्बोरेटर ओला होतो. सकाळी पुसून कोरडा केलेला असतो. पारा ४५च्या घरात आहे हे खरं, पण इंजिन बंद असताना पेट्रोल वर चढतंच कसं? टाकी तर मागे, कार्बोरेटरपेक्षा खाली.

तालुक्याच्या मिस्त्रीनं पॅकिंग बदललं, झाकणाचे स्क्रू चांगले आवळले आणि सांध्यावर सिलिकॉन लावून दिलं. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तो म्हणतो दांडी घासली, कार्बोरेटरच बदला. नवा म्हणून जो मिळतो तो डुप्लिकेट निघायची धास्ती आहे. नागपूरहून रिपेअर किट आणून ठेवलंय, पण त्यातलं रबर आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये टिकेल का? जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

भाऊ, गाडी कुटारापासून दूर नेली हे सगळ्यात चांगलं केलं. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ती आत नेऊच नका.

तुमच्या कोड्याचं उत्तर टाकीत आहे असं वाटतं. पेट्रोल आपोआप वर चढत नाही, त्याला कुणीतरी ढकलतंय. टाकीला हवा जायला-यायला वाट असावी लागते. ती बुजली की उन्हात टाकीत वाफ कोंडते आणि पेट्रोलला पुढे रेटते. मेकॅनिकल पंपाचे दोन्ही व्हॉल्व्ह पुढच्या दिशेनं उघडतात, ते अडवत नाहीत. मग सगळा भार फ्लोटच्या निडलवर, म्हणजे वाटीतल्या तरंगत्या डबीनं पेट्रोल बंद करणाऱ्या सुईवर येतो, आणि ती जराही झिजलेली असली की वाटी भरून वाहते. भर दुपारी, आसपास बिडी-विस्तव नसताना, टाकीचं झाकण सावकाश उघडा. फुस्स आवाज झाला तर चोर सापडला. आमच्याकडे हवेच्या भोकात कुंभारीण माशी चिखल भरून ठेवते, तेही बघा.

आता दांडी. ती ओली म्हणजे घासलीच, असं नाही. वाटी ओव्हर झाली की जादा पेट्रोल घशात उतरतं, बंद बटरफ्लायवर (दांडीवरच्या झडपेवर) साचतं आणि दांडीच्या बाजूनं बाहेर येतं. गरम इंजिन बंद केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळतं, तेव्हाही हेच होतं. तुमची गरम गाडी उठत नाही ती बहुधा म्हणूनच. आधी निडल आणि फ्लोट, दांडीचा निकाल त्यानंतर.

कार्बोरेटरचं झाकण मात्र आणखी आवळू नका. मऊ धातू आहे, स्क्रू आवळत गेलं की कडा खाली ओढल्या जातात, मध्ये फुगवटा येतो आणि सांधा बसत नाही. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकणाची बैठक हलक्या हातानं घासा. जिथं पेपर लागतच नाही ती जागा खोल आहे. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात. नवं पॅकिंग कोरडंच बसवा.

फ्लोट पितळी असेल तर पेट्रोल निथळून, चुलीपासून लांब, गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. बुडबुडे आले तर भोक आहे. निडल बदलताना तिच्या खालचा वॉशर जुन्याच जाडीचा घ्या, पेट्रोलची पातळी त्यावरच ठरते. पातळ वॉशर पडला की पातळी चढते आणि नवी निडल असूनही ओव्हर होतं.

किटमधलं रबर साधं असेल तर इथेनॉलमध्ये फुगेल किंवा कडक होऊन तडकेल. पंपाचा डायफ्रॅम, जोडाच्या नळ्या आणि निडलचं टोक रबरी असेल तर तेही व्हायटनचं (इथेनॉलमध्ये टिकणाऱ्या रबराचं) मागा. नवी नळी टाकल्यावर फिल्टर लवकर बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे आणतं.

मूळ लेखक

दादा, फार आभार. काल दुपारी टाकीचं झाकण उघडलं, फुस्स झालंच. भोकात वाळलेला चिखल होता, तारेनं काढला. आज उन्हात उभी ठेवून पाहिली, चार वाजेपर्यंत कार्बोरेटर कोरडा. गाडी चालवून आल्यावर सांधा अजून ओला होतो, म्हणजे झाकण आणि निडलचं काम बाकी आहे. ते रविवारी काढतो. जुना वॉशर चेपलेला दिसतोय, त्यामुळे त्याची मूळ जाडी कळत नाही. कुणाच्या सोलेक्समध्ये मूळचा वॉशर शाबूत असेल तर व्हर्निअरनं मोजून सांगाल का? आणि निडल बदलूनही दांडी ओलीच राहिली, तर तिला बुश घालून देणारा चांगला लेथवाला अमरावती किंवा नागपूरकडे कुणाला माहीत आहे का?