मदत हवी आहे: कामगारांना निरोप तोंडी द्यावा की व्हॉट्सअ‍ॅपवर?

प्रश्नकर्ता:
भोसरीत छोटं मशीन शॉप (यंत्रांवर सुटे भाग बनवणारं वर्कशॉप) आहे. 46 माणसं, तीन पाळ्या (सकाळी 7, दुपारी 3:30, रात्री 12), निम्मे ऑपरेटर हिंदी बोलणारे. ड्रॉइंगमधला बदल, ओव्हरटाइम, पाळीपत्रक, खरडपट्टी, सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं. ‘ओके सर’ आणि अंगठे येतात, माल मात्र जुन्याच मापाने निघतो. मोबाईल पाळीभर लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे. तोंडी काय सांगावं, ग्रुपवर काय टाकावं?

सेटर_काका:
मोबाईल लॉकरमध्ये आणि निरोप मोबाईलवर, इथेच गोची आहे. 10 वाजता टाकलेला बदल जेवणाच्या सुट्टीत वाचला जाणार, तोवर ट्रे भरलेला. चालू पाळीतला बदल मशीनपाशी जाऊनच सांगायचा.

ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकूच नका. पाठवताना फोटो दाबला जातो, बारीक आकडे फुटतात आणि 24.98 चं 24.93 वाचलं जातं. अगदीच गरज पडली तर पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून, तीही फक्त सेटर (मशीन लावून देणारा) आणि क्यूसीला (माल तपासणाऱ्यांना). नंतर सर्वांसाठी डिलीट केलं तरी ज्याच्या गॅलरीत फोटो उतरला, त्याच्याकडे जुनी रिव्हिजन (ड्रॉइंगची आधीची आवृत्ती) राहतेच.

नवा प्रिंट मशीनवर लावा, जुना परत घ्या आणि त्यावर ‘रद्द’ मारा. बदललेल्या मापाला लाल पेनने गोल. मग ‘कळलं का?’ विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘काय बदललं, सांग बरं’ म्हणा. आकडा त्याच्या तोंडून आला पाहिजे. ऑफसेट (मशीनमध्ये भरलेला माप-दुरुस्तीचा आकडा) बदलला की पहिला नग क्यूसीकडून पास होईपर्यंत दुसरा लावायचा नाही.

पाळी बदलताना 7-8 मिनिटं उभ्याउभ्या बोलणं ठेवा. कॉम्प्रेसरपासून लांब, आणि तीनच मुद्दे. जाणारा सुपरवायझर थांबलाच पाहिजे. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) कधी बदलला, कुठलं मशीन मापात हलतंय, हे त्यालाच ठाऊक असतं.

हजेरीपट:
खरडपट्टी ग्रुपवरून आजच बंद करा. एकाला झापलं की उरलेल्या 45 जणांना दिवसभराचा विषय मिळतो, आणि स्क्रीनशॉट गेटबाहेर जातो. केबिनमध्ये बोलवा, रिजेक्ट नग टेबलावर ठेवा, आधी त्याचं ऐका. मेमो द्यायचाच असेल तर बोलणं झाल्यावर, तारीख आणि पोच घेऊन.

ग्रुपवर पाळीपत्रक, सुट्टी, पगार जमा झाल्याचा निरोप, बस उशिरा येणार, एवढंच, मराठी आणि हिंदी दोन्हींत. फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा, म्हणजे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली पाळीपत्रक गाडलं जात नाही. आपला मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ पाहिलं की कोणी वाचला ते कळतं (ज्याने निळ्या खुणा बंद ठेवल्यात त्याचंही ग्रुपमध्ये कळतं).

पाळीच्या वेळाच बदलायच्या असतील तर मात्र ग्रुपवर टाकून भागत नाही. साधारणपणे 21 दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात नोटीस लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम 9अ होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत तीच आहे.

प्रश्नकर्ता:
रात्री 12 च्या पाळीला मी नसतो. तिथे काय करू?

सेटर_काका:
मेसेज नको, फोन करा. 11:45 ला येणाऱ्या सुपरवायझरला. त्याने आकडे रजिस्टरात लिहून तुम्हालाच परत वाचून दाखवायचे, खाली मशीनवाल्याची सही. व्हॉइस नोट टाळा. पहाटे 3 ला शंका आली तर त्यातलं नेमकं माप शोधत कोणी बसत नाही. आणि पंधरवड्यातून एक रात्र स्वतः जा, चहाच्या सुट्टीत. हातात वही नको, नाहीतर तपासणी आली म्हणून सगळे गप्प बसतील.