केळी कटाईच्या हिशेबाचे ॲप : दूरच्या टीमकडून पहिली आवृत्ती माफक खर्चात कशी करून घ्यावी?

प्रश्न (सावदा, ता. रावेर)

नमस्कार. आमची केळीची शेती आहे. मी आणि माझा मावसभाऊ मिळून शेतकरी व व्यापारी यांच्यातील कटाईचा हिशेब ठेवणारे ॲप उभे करू पाहत आहोत. कटाईच्या दिवशी काट्यावर वजन होते, कटती (वजनातून ठरलेल्या दराने होणारी घट) वजा होते, त्या दिवसाचा भाव लागतो आणि हे सारे एका चिठ्ठीवर उरते. पैसे मात्र पुढे कधीतरी हाती येतात, आणि तोवर नवतीची (नव्या लागवडीच्या पहिल्या केळीची) कोणती गाडी कोणत्या भावाने गेली यावरून दोन्ही बाजूंत कटुता येते.

आम्हा दोघांनाही प्रोग्रामिंग येत नाही. जवळ तीन लाख रुपये आहेत. पुण्यातील एका कंपनीने संपूर्ण ॲपचे नऊ लाख सांगितले, इंदूरची एक लहान टीम तासाप्रमाणे काम करायला तयार आहे आणि तिसरे एक जण दीड लाखात सगळे करून देतो म्हणतात. वजनाची नोंद, रोजचे बाजारभाव, येणे रकमेचा हिशेब, हवामान, पीकसल्ला आणि गाडीचे बुकिंग एवढे सगळे आमच्या मनात आहे. टीम कशी निवडावी, आणि पैसे अडकू नयेत यासाठी व्यवहार कसा ठरवावा?

उत्तर (जळगाव, घरून काम करणारा सॉफ्टवेअर अभियंता)

भाऊ, आपल्या यादीत एक नव्हे, तीन-चार ॲप आहेत, आणि नऊ लाखांचा आकडा त्यातूनच आला असावा. स्वस्त टीम शोधून जेवढे पैसे वाचतात, त्याहून कितीतरी जास्त यादी छाटल्याने वाचतात. वादाचे मूळ चिठ्ठीत आहे, म्हणून पहिल्या आवृत्तीत फक्त चिठ्ठी ठेवा : वजनाची नोंद, कटती, ठरलेला भाव, दोन्ही बाजूंना व्हॉट्सॲपवर जाणारी पावती आणि किती रक्कम येणे आहे त्याची यादी. भावसुद्धा हाताने भरू द्या. हवामान आणि पीकसल्ला देणारी साधने आधीच उपलब्ध आहेत.

दूरच्या टीमला केळीचा व्यवहार ठाऊक नसतो, त्यामुळे आपण जे लिहून द्याल तेच त्यांच्यासाठी शेत असते. प्रत्येक काम चार ओळींत लिहा. उदाहरणार्थ : ‘काट्यावरचा माणूस एकेक वजन भरतो. कटतीचा दर गाडी सुरू होण्याआधी ठरतो व नंतर बदलत नाही. चुकलेले वजन खोडता येत नाही, दुरुस्ती वेगळ्या ओळीत, वेळेसह दिसते. शेतकऱ्याने मान्य केल्यावर चिठ्ठी बंद होते.’ यातील तिसरे वाक्य वरवर साधे दिसते, पण माहिती कशी साठवायची हे त्यावर ठरते. ते काम अर्धे झाल्यावर सांगितले तर बरेच काही नव्याने लिहावे लागते आणि त्याचे तास आपल्या खिशातून जातात.

नेटवर्कचेही तसेच आहे. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या मळ्यांत ते भरवशाचे नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्ये व्हावी आणि नेटवर्क आल्यावर पुढे जावी, हे पहिल्याच दिवशी सांगा. एकच गाडी दोन फोनवरून नोंदवली गेली तर कोणती नोंद खरी मानायची, हा यातला सर्वांत खर्चिक प्रश्न असतो. एका गाडीची नोंद एकाच फोनवरून करायची, असा नियम आपणच घातला तर तो बराचसा टळतो.

निवडीसाठी इंदूरच्या टीमला आणि दीड लाखवाल्यांना हे चार ओळींचे काम पैसे देऊन करायला सांगा. कोण आधी संपवते यापेक्षा कोण काय विचारते ते पाहा. ‘दुसऱ्या दिवशी वजन दुरुस्त करता येईल का?’ असे विचारणारी टीम आपला व्यवहार समजून घेत आहे. पुढे दर आठवड्याला चालते ॲप आपल्या फोनवर आले पाहिजे, स्क्रीनची चित्रे पाहून हप्ता देऊ नका. आणि तीन लाखांतले एक लाख बाजूला ठेवा, कारण खऱ्या दुरुस्त्या माणसे वापरू लागल्यावरच कळतात.

उत्तर (धुळे, वकील)

वरील सल्ला योग्य आहे, मात्र मालकीचा मुद्दा राहून गेला आहे. आपण पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असे कायदा मानत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती ठरते. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो, पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचे हक्क त्याने लेखी व स्वाक्षरीनिशी हस्तांतरित करावे लागतात (कलम १९). त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. टीमने आणखी कोणा फ्रीलान्सरकडून काम करून घेतले असेल तर त्याचे हक्क आधी त्या टीमकडे आलेले असावेत, अशी हमीही करारात असू द्या.

टीम जीएसटी नोंदणीकृत असेल तर सेवेवर १८ टक्के कर लागतो, म्हणजे तीन लाखांच्या कामावर ५४ हजार. दरपत्रक करासह आहे की कराशिवाय, हे आधीच विचारून घ्यावे.

उत्तर (फैजपूर, केळी वाहतूक व्यवसाय)

माझे मत थोडे वेगळे आहे. सध्या एकाही टीमला पैसे देऊ नका. गूगल फॉर्म आणि शीटवर हीच चिठ्ठी मांडून दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांबरोबर पिलबागेची (जुन्या खुंटाच्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या केळीची) कटाई होईपर्यंत चालवून पाहा. शेतकऱ्याला हे हवेच आहे, खरा प्रश्न व्यापाऱ्याकडचा माणूस गाडी भरण्याच्या घाईत फोन हातात घेईल का, हा आहे. त्याला रोज अनेक मळ्यांचा हिशेब संध्याकाळी पुन्हा वहीत उतरवावा लागतो, तो त्रास वाचत असेल तर तो घेईल, आणि मग ॲप त्याच्या सोयीने बनवावे लागेल, शेतकऱ्याच्या नव्हे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कटाई चालू असेपर्यंत शीट चालवायची असे ठरवले आहे. पण पुढे टीमने मध्येच काम सोडले तर काय करावे? आणि शेतकऱ्याला ओटीपीने प्रवेश देणे सोपे राहील का?

उत्तर (जळगाव)

गिटहब (कोड साठवण्याची ऑनलाइन जागा), सर्व्हर आणि प्ले स्टोअर ही तिन्ही खाती आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर उघडा आणि टीमला त्यांत फक्त कामापुरता प्रवेश द्या. कोड रोजच्या रोज तिथे जमा होत असेल तर टीम गेली तरी दुसरा अभियंता पुढचे काम उचलू शकतो. सर्व्हरवरील माहितीची प्रतही आपल्याकडे नियमित येऊ द्या.

ओटीपी सध्या टाळा. व्यवसायाच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या व्यवस्थेत आपली, पाठवणाऱ्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराचीही नोंदणी लागते. ओळखीच्या पन्नास-शंभर शेतकऱ्यांना पिन देऊन काम भागेल. प्ले स्टोअरचे वैयक्तिक खाते उघडलेत तर सर्वांसाठी ॲप खुले करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहावे लागते, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या खात्यांना हा नियम आहे. शीट भरणारे व्यापारी आणि शेतकरीच त्या बारांत घ्या, आणि ही चाचणी कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) कटाई सुरू होण्याआधी संपेल अशा बेताने टीमला तारीख द्या.