मॉडेल घोड्याचा फोटो खरा वाटलाच पाहिजे का?

अबलख
मॉडेल घोड्यांच्या, म्हणजे खऱ्या घोड्यांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, आपल्या गटात काल एका सभासदाने लिहिलं की, मॉडेल घोडा प्लास्टिकचा आहे हे जाणवलं तर फोटो बाद. खाली त्याच दमात, हवेत झेपावलेल्या घोड्याच्या पोटाखालची आधाराची काडी एडिटिंगमध्ये पुसणं ही लबाडी! दोन्ही कसं चालेल? फोटो शोमध्ये, म्हणजे अशा फोटोंच्या स्पर्धेत, मॉडेलला जिवंत घोडा मानूनच जात, रंग, साज बघतात. छापील फोटो टपालाने परीक्षकाकडे जायचे तेव्हापासूनची ही रीत. धावता घोडा क्षणभर चारही पाय उचलून हवेतच असतो हे छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या फोटोंनी दाखवलं. रेझिनच्या, म्हणजे ओतीव राळेच्या, मॉडेलला ते आधाराशिवाय जमत नाही. मग काडी पुसली तर बिघडलं काय?
आणि प्रत्येक फोटो शोसाठीच का काढायचा? खिडकीत, पुस्तकांच्या चळतीवर उभा केलेला ब्रेयर कंपनीचा घोडा मला तितकाच आवडतो. त्याखाली 'कार्पेट दिसतंय' लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पालथा फोटोग्राफर
कालचं मीच लिहिलंय. राग कार्पेटवर काढू नका, तुम्ही कॅमेरा वरून धरता. ब्रेयरचं मोठं 'ट्रॅडिशनल' मॉडेल १:९ चं, म्हणजे खऱ्याच्या नवव्या भागाएवढं. उभ्या माणसाचे डोळे १६० सेंमीवर धरले तर इथे कॅमेरा १८ सेंमीवर हवा. 'स्टेबलमेट' हे छोटं मॉडेल १:३२, तिथे ५. म्हणजे जमिनीवर पालथं पडणं आलं. वाइड लेन्स जवळ नेली की थोबाड भोपळ्याएवढं होतं, म्हणून मागे सरकून लांब लेन्स लावायची. लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६. नाहीतर नाकपुडी स्पष्ट, शेपटी धूसर, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की वस्तू वीतभर आहे.

न्यूजर्सीकर
पाण्याचं काय करता? मी मुलीसोबत ओढ्यात घोडा उभा केला. उजेड सुरेख होता, पण खुरावरचा ४ मिमीचा थेंब घोड्याच्या मापात ३६ मिमीचा दिसतो. थेंब काही लहान करता येत नाही. तरी तोच फोटो आमच्या भिंतीवर आहे. मुलगी तेव्हा खळखळून हसत होती, ते मला त्यात दिसतं.

पालथा फोटोग्राफर
भिंतीवर काहीही लावा. शोला पाठवू नका.

गवती चहा
मी गेल्या आठवड्यात रंगवलेल्या मारवाडी घोड्याचा फोटो टाकला होता, मागे हिरवं कुरण, पांढरं कुंपण. त्यावर कोणी काही बोललं नाही. तसं चालतं ना?

तापीकाठ
नाही चालत! मारवाडीच्या मागे अमेरिकेतलं केंटकी? माझं लहानपण सारंगखेड्याच्या यात्रेत गेलं. दत्तजयंतीला बाजार भरतो, घोडे धुळीत उभे असतात, गोंडे, घुंगरं, मालक चारचौघांत घोडा नाचवून दाखवतो. आजोबा मला आधी कान बघायला लावायचे. तुम्ही चेहरा असा वळवलाय की टोकाला टोक टेकणारे कानच दिसत नाहीत. वर इंग्लिश खोगीर!

न्यूजर्सीकर
२००० च्या सुमारास काही मारवाडी अमेरिकेत आलेत. इथल्या कुंपणात उभा मारवाडी अशक्य नाही. खोगीरही चालेल.

तापीकाठ
असतील चार-दोन. मी शेकडो पाहिलेत, धुळीतच पाहिलेत.

गवती चहा
ताई/दादा, मी अंबरनाथला वन बीएचकेत राहते. धूळ गॅलरीत आणून टाकू?

तापीकाठ
दादा. हो, आणा. मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. न चाळलेल्या मातीत ५ मिमीचा खडा साडेचार सेंमीचा धोंडा दिसतो.

अबलख
माझा धागा कुठे गेला! आता मातीही चाळायची? याच धाकाने नवी मुलं फोटो टाकत नाहीत. माझी भाची एका कॉमेंटनंतर थांबली, तिचे घोडे कपाटात पडून आहेत.

पालथा फोटोग्राफर
भाचीचं वाईट वाटलं. नवख्यांना मी यापुढे विचारल्याशिवाय सुधारणा सांगणार नाही. काडीचंही ठीक आहे, पुसा. मात्र जमिनीवरची तिची सावलीही पुसा. काडी गेलेली आणि सावली राहिलेली, असे फोटो मी बाद केलेत आणि पुढेही करणार.

अबलख
एवढं काल लिहिलं असतं तर धागाच काढला नसता.

गवती चहा
दादा, माती चाळली. खोगीर काढून गोंडे कशाचे करू? लोकर जाड दिसते.

तापीकाठ
लोकर नको. भरतकामाच्या रेशमाचा एक पदर सोडवून घ्या. आणि या वेळी कान समोरून.