दुर्बीण म्हणजे नक्की कुठली?

जास्वंद:
सासूबाईंच्या फाइलवर 'यूजीआय स्कोपी' लिहिलंय आणि त्या शेजारीपाजारी सांगत सुटल्यात की माझं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, त्यामुळे कोण विचारतंय किती दिवस अ‍ॅडमिट, कोण विचारतंय टाके किती. 'दुर्बीण' म्हणजे नक्की काय काय धरायचं? आणि एंडोस्कोपीला आपला धड शब्द आहे का?

आडकित्ता:
अहो दोन वेगळ्या गोष्टींना आपण तोच शब्द लावतो ना. पित्ताशय 'दुर्बिणीतून' काढतात ती लॅप्रोस्कोपी, त्यात पोटाला छोटी भोकं, पूर्ण भूल, टाके सगळं आलं. यूजीआय म्हणजे पचनमार्गाच्या वरच्या भागाची एंडोस्कोपी, तिच्यात घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि नळी तोंडातून आत, अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात स्क्रीनवर दिसते, वरून कुठेही कापत नाहीत. खालून घातली की कोलोनोस्कोपी, त्याआधी ते जुलाबाचं पाणी ज्याने प्यायलंय त्यालाच विचारा! बाकी 'अंतर्दर्शन' वगैरे म्हणून बघा, लोकांना वाटेल सासूबाई विपश्यनेला चालल्या.

गावठी:
मग नुसतं बघतातच ना, ऑपरेशन कसलं?

आडकित्ता:
अगदीच तसं नाही हो. नळीत आतून एक बारीक वाट असते, तिच्यातून चिमटा, सुई, तारेचा फास असलं सगळं सरकवता येतं. सिरॉसिसवाल्याच्या (लिव्हर खराब होऊन कडक झालेल्याच्या) अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली तर तिथल्या तिथे रबराचे बँड चढवतात, मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) दिसला तर फासात पकडून काढतात, पित्तनलिकेत अडकलेला खडा ईआरसीपीने, म्हणजे तोंडातूनच नळी पित्तनलिकेच्या तोंडाशी नेऊन, काढतात (पित्ताशयातल्या खड्यांना मात्र लॅप्रोस्कोपीच लागते). आणि 'तुकडा तपासायला पाठवलाय' ऐकलं की घरचे थेट कॅन्सरवरच पोचतात, पण पुष्कळदा तो एच. पायलोरीसाठी असतो, तो जंतू जठरात अल्सर करतो. तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकायचा, गुलाबी झाला की जंतू आहे, मग अँटिबायोटिकचा कोर्स. याच जंतूच्या शोधाला 2005 चं नोबेल मिळालंय.

गावठी:
आमच्याकडे 'दुर्बीण टाकली' म्हणतात, विहिरीत पोहरा टाकल्यागत.

जास्वंद:
म्हणजे 'तोंडातून नळी घालून तपासणी' हेच बरोबर. सासूबाईंना सांगून बघितलं, त्या म्हणाल्या नळी म्हटलं तर बघायला कोण येणार, दुर्बीणच असू दे.