विषय: हातसामानाचे नवे नियम आणि एकट्याने प्रवास करणारे ज्येष्ठ

प्रेषक: एक सभासद, हॅरो
दिनांक: ८ नोव्हेंबर २००६

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला परत जात आहेत आणि या वेळी त्यांच्या सोबतीला कोणी नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत व रोज इन्सुलिन घेतात. ऑगस्टमध्ये हातात काहीच नेऊ देत नव्हते, पुढे लहान बॅग चालू लागली, मग बॅगेचे माप वाढले आणि आता या सोमवारपासून द्रवपदार्थांविषयी आणखी वेगळे नियम लागू झाले आहेत. देवळात भेटणाऱ्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीने त्यांना निराळेच काही सांगितल्यामुळे त्या फार धास्तावल्या आहेत आणि इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू का, असे मला पुन्हा पुन्हा विचारत आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येते, परंतु तपासणीच्या रांगेत कोणी घाईघाईने काही विचारले तर त्या गोंधळून जातात. औषधांखेरीज गुडघ्यांना लावायचे तेल आणि खोबरेल तेलाची बाटली त्यांना जवळ हवी असते. ज्यांना याची नेमकी माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

———

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, स्लाउ
दिनांक: ८ नोव्हेंबर २००६

ताई, नमस्कार.

मैत्रिणींनी सांगितलेले बहुतेक सारे त्या त्या आठवड्यापुरते खरे होते, हे सासूबाईंना आधी सांगा, म्हणजे त्यांचा अर्धा गोंधळ मिटेल. द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याच्या कटाच्या आरोपावरून काही जणांना पकडल्यावर १० ऑगस्टच्या पहाटे दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची पातळी सर्वोच्च टप्प्यावर नेण्यात आली, तेव्हा ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला पासपोर्ट, तिकीट, पाकीट, प्रवासात अत्यावश्यक असलेली औषधे अशा मोजक्याच वस्तू पारदर्शक पिशवीत घालून न्याव्या लागत होत्या. चष्मा चालत होता पण त्याचे घर चालत नव्हते, आणि बाळाचे दूध सोबतच्या मोठ्या माणसाने तपासनिसासमोर चाखून दाखवावे लागत होते. ती पातळी १४ ऑगस्टला एक पायरी खाली आली आणि लगेच ४५ × ३५ × १६ सेंटिमीटरच्या एका लहान बॅगेला परवानगी मिळाली. २२ सप्टेंबरपासून हे माप ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर झाले, पण पाणी, तेल, क्रीम यांच्यावरची बंदी तशीच राहिली होती, ती ६ नोव्हेंबरला सैल झाली आहे.

आता प्रत्येक बाटली किंवा ट्यूब जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची असावी आणि त्या सगळ्या मिळून, झिपने बंद होणाऱ्या एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत मावाव्यात. ही पिशवी साधारण २० × २० सेंटिमीटरची असते आणि तपासणीच्या वेळी ती बॅगेतून बाहेर काढून वेगळी ठेवावी लागते. येथे मोजले जाते ते भांडे, आतला ऐवज नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीच्या तळाशी चमचाभरच तेल उरले असले तरी ती बाटली आत जाऊ देत नाहीत. त्यामुळे सासूबाईंची दोन्ही तेले लहान बाटल्यांत काढून द्यावीत आणि मोठ्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवाव्यात. टूथपेस्ट, मध, श्रीखंड, ओली चटणी, लोणचे, पाकातले गुलाबजाम हे सगळे द्रवपदार्थांत धरले जाते असे समजूनच सामान भरावे. लाडू, चकली, चिवडा यांना अडचण नाही.

सर्वांत अधिक गैरसमज ज्या गोष्टीबद्दल आहे तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. हे नियम आपल्या पासपोर्टावरून ठरत नाहीत, तपासणी कोणत्या विमानतळावर होते त्यावरून ठरतात. द्रवपदार्थांचा नियम संपूर्ण युरोपीय संघाला लागू आहे; हातात एकच बॅग असावी हा नियम मात्र ब्रिटनचा आहे, आणि म्हणून हीथ्रोवर खांद्यावरची पर्सदेखील त्या एका बॅगेच्या आत बसली पाहिजे. परतीच्या प्रवासात आणखी एक पेच येतो. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लंडनला येणाऱ्यांची फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी होते आणि मुंबईच्या ड्युटी फ्री दुकानातून सीलबंद आणलेली बाटलीसुद्धा १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असल्यास तेथे काढून घेतली जाते, कारण सीलबंद पिशवीची सवलत युरोपीय संघातील विमानतळांवरच्या दुकानांतून त्याच दिवशी केलेल्या खरेदीपुरती आहे. थेट विमानाने येणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. वृद्ध आईवडिलांसाठी तिकीट काढताना शेपन्नास पौंड वाचवायचे की थेट उड्डाण घ्यायचे, याचा विचार करताना ही बाबही हिशेबात धरावी. अमेरिकेत २६ सप्टेंबरपासून मर्यादा तीन औंसांची आहे, म्हणजे इथल्यापेक्षा किंचित कमी, हे तिकडे मुलांकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

———

प्रेषक: मंडळातील एक डॉक्टर, क्रॉयडन
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६

इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत मोठ्या बॅगेत टाकू नये. विमानाच्या पोटातील सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसले तरी त्याच्या परिणामाची खात्री उरत नाही. शिवाय ती बॅग दोन दिवस उशिरा पोचली तर काय करणार, हा प्रश्न आहेच. प्रवासाला आवश्यक असलेल्या द्रव औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नाही, परंतु ती खरोखर प्रवाशाची आहेत याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. म्हणून आपल्या जी.पी.कडून, म्हणजे नेहमीच्या दवाखान्यातील डॉक्टरांकडून, पत्र घ्यावे आणि त्यात औषधाचे नाव, रोजची मात्रा आणि सुया किंवा पेन जवळ ठेवणे आवश्यक असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. औषधाच्या खोक्यावरील फार्मसीचे लेबल काढू नये. आपल्याकडे पासपोर्टावर पूर्ण नाव असते आणि दवाखान्याच्या नोंदीत पुष्कळदा नुसती आद्याक्षरे किंवा घरात रूढ झालेले नाव असते. पत्रावर, लेबलवर आणि पासपोर्टावर एकच नाव आहे ना, हे आजच पाहून घ्यावे, कारण पत्र बदलून मिळण्यास आठवडा सहज जातो.

आणखी एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. साखर एकदम उतरली तर म्हणून बरेच मधुमेही फळांच्या रसाचे खोके जवळ ठेवतात आणि ते खोके १०० मिलिलिटरपेक्षा मोठे असते. त्यावरून तपासणीत वाद घालण्यापेक्षा ग्लुकोजच्या गोळ्या आणि राजगिऱ्याच्या वड्या खिशात असू द्याव्यात, आणि त्या रांगेत उभे असतानाही हाताशी असाव्यात. हल्ली तपासणीला किती वेळ लागेल याचा नेम नाही. म्हणून इन्सुलिन घेऊन जेवण मात्र विमानात मिळेल, अशा भरवशावर घरून निघू नये. मुंबईची वेळ सध्या इथल्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे, तेव्हा प्रवासाच्या दिवशी मात्रा कधी घ्यायची हे त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

———

प्रेषक: एक सभासद, रेडिंग
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६

स्लाउच्या काकांनी आणि डॉक्टरांनी दिलेली माहिती अत्यंत उपयोगी आहे आणि नियम पाळावेत याबद्दल माझे दुमत नाही. तरीही वकिली करणारा माणूस म्हणून एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. युरोपीय आयोगाने ४ ऑक्टोबरला केलेल्या १५४६/२००६ क्रमांकाच्या विनियमाचा मुख्य भाग राजपत्रात छापलेला आहे. परंतु विमानात नेमके काय नेता येते व काय नेता येत नाही याचा तपशील ज्या परिशिष्टात आहे ते परिशिष्ट गोपनीय मानले गेले असून प्रसिद्ध केलेले नाही. आपण जे वाचतो ती त्यावरून तयार केलेली माहितीपत्रके आहेत. व्हिएन्नाच्या विमानतळावर गेल्या वर्षी एका प्रवाशाला टेनिसच्या रॅकेट जवळ असल्यामुळे विमानातून उतरवण्यात आले; ज्या विनियमाचे परिशिष्ट नागरिकाला वाचायलाच मिळत नाही तो विनियम त्याच्यावर बंधनकारक कसा ठरतो, हा प्रश्न त्या प्रकरणातून आता युरोपीय न्यायालयापुढे गेला आहे.

ही केवळ तात्त्विक तक्रार नाही. पुरणाचा डबा, खवा, ओल्या नारळाचा चव हे द्रव आहेत की घन, याचा निर्णय प्रत्येक तपासनीस आपल्या समजुतीने देणार आणि त्याला दाखवण्यासाठी आपल्या हातात एकही छापील ओळ नसणार. तरुण माणूस निदान विचारू तरी शकतो, पण आपले आईवडील डबा तिथेच ठेवून गप्प पुढे जातात. द्रवपदार्थांची ही सगळी भीती मला काहीशी अवाजवी वाटते, हेही नमूद करतो.

———

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, स्लाउ
दिनांक: १० नोव्हेंबर २००६

परिशिष्ट प्रसिद्ध झाले पाहिजे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. भीती अवाजवी आहे हे मात्र मी मान्य करू शकत नाही. ऑगस्टमध्ये पकडलेल्यांवरील आरोपांचा निकाल न्यायालयात लागायचा आहे आणि तोवर त्याविषयी बोलू नये. परंतु द्रव स्फोटक विमानात पोचल्याचे उदाहरण आधीच घडलेले आहे. ११ डिसेंबर १९९४ रोजी फिलिपाइन्स एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावाच्या बाटलीतून नायट्रोग्लिसरिन नेण्यात आले, आसनाखाली ठेवलेल्या त्या बॉम्बने एका जपानी प्रवाशाचा बळी घेतला आणि वैमानिकाने मोठ्या शर्थीने विमान ओकिनावाला उतरवले. क्ष-किरण यंत्र वस्तूचा आकार आणि तिची घनता दाखवते. बाटलीत पाणी आहे की दुसरे काही, हे आजची यंत्रे भरवशाने सांगू शकत नाहीत. जोवर ती सांगू शकत नाहीत तोवर बाटली लहान करणे एवढाच उपाय हाती राहतो. तो परिपूर्ण नाही, कारण चार जणांनी आपापल्या पिशव्या आत जाऊन एकत्र केल्या तर मर्यादेला फारसा अर्थ उरत नाही, तरी काहीच न करण्यापेक्षा तो बरा आहे.

आपण भारतीयांनी तर हे अधिक गंभीरपणे घेतले पाहिजे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील ३२९ जण आयर्लंडजवळच्या समुद्रावर मृत्युमुखी पडले. स्फोटक ज्या बॅगेत होते तिचा मालक विमानात बसलाच नव्हता, आणि टोरांटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडल्यामुळे उरलेल्या बॅगांवरून नुसते हातातले उपकरण फिरवण्यात आले होते. एकवीस वर्षांनंतर, या सप्टेंबरपासून, त्या प्रवाशांचे कुटुंबीय ओटावातील चौकशी आयोगापुढे साक्ष देत आहेत. त्या बातम्या वाचल्यानंतर रांगेत जाणाऱ्या वेळाबद्दल तक्रार करावीशी मला वाटत नाही. प्रवाशाशी सभ्यपणे आणि सावकाश बोलावे, एवढी अपेक्षा मात्र ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ती आपण लेखी कळवावी.

———

प्रेषक: संगीत कार्यक्रमांचे संयोजन पाहणारी एक सभासद
दिनांक: १० नोव्हेंबर २००६

कलाकारांसाठी थोडे लिहिते. गणेशोत्सव २७ ऑगस्टला सुरू झाला तेव्हा वाद्य हातात नेण्यास परवानगी नव्हती आणि मिरजेत घडवलेला, नाजूक भोपळ्याचा तंबोरा सामानकक्षात टाकायला कोणताही गवई धजावत नव्हता. लंडनच्या अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्स या संगीतमहोत्सवाच्या शेवटच्या रात्री, ९ सप्टेंबरला, संगीतसंचालक मार्क एल्डर यांनी व्यासपीठावरून वादकांची हीच अडचण मांडली होती. २२ सप्टेंबरपासून वाद्यांना पुन्हा मुभा आहे, परंतु मोठ्या वाद्यासाठी विमान कंपनी वेगळे आसन घ्यायला सांगू शकते. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांसाठी ही परवानगी तिकीट काढतानाच लेखी घ्यावी आणि आसनाचा खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात धरावा, असे मी सुचवते. तबल्याची हातोडी चेक-इनच्या बॅगेतच ठेवावी.

———

प्रेषक: सचिव
दिनांक: ११ नोव्हेंबर २००६

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीशी बोलून असे ठरले आहे की हीथ्रोहून निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी मोठ्या टाइपातले, एका पानाचे मराठी पत्रक काढावे. मजकूर स्लाउच्या काकांनी लिहावा आणि औषधांचा भाग डॉक्टरांनी तपासावा, अशी दोघांनाही विनंती आहे. पत्रकाच्या पाठीमागे तपासनिसाला दाखवता येतील अशी चारपाच इंग्रजी वाक्ये ठळक अक्षरांत असतील: मला मधुमेह आहे, हे माझे इन्सुलिन आहे, हे डॉक्टरांचे पत्र आहे, कृपया सावकाश बोला. प्रत्येक प्रतीवर वरच तारीख छापली जाईल आणि नियम बदलताच नवे पत्रक निघेल. जुनी प्रत कोणीही दुसऱ्याला देऊ नये. परिशिष्ट प्रसिद्ध करण्याच्या मागणीचे पत्र आपल्या भागातील युरोपीय संसद सदस्यांना पाठवायचे असून त्याचा मसुदा रेडिंगच्या सभासदांनी करावा.

हॅरोच्या ताईंनी सासूबाईंच्या प्रवासाची तारीख आणि विमानाची वेळ मला कळवावी. त्याच विमानाने जाणारे मंडळाचे कोणी सभासद असल्यास त्यांनीही कळवावे, म्हणजे फ्रँकफर्टपर्यंत तरी त्यांना सोबत मिळेल.