मदत हवी आहे: जुरासिक-क्रिटेशियस सीमेचं वय किती लिहू?

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. भिंतीवर लावायला कालमापनाचा तक्ता करतोय, आणि एकाच आकड्यावर अडकलोय.

जुन्या पुस्तकांत ही सीमा, म्हणजे जुरासिक कालखंड संपून क्रिटेशियस सुरू होतो ती वेळ, 14.5 कोटी वर्षांपूर्वीची आहे. भूशास्त्रीय काळाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्याच्या 2024 च्या आवृत्तीत 14.31 कोटी. अर्जेंटिनातल्या वाका मुएर्ता खडकांतल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतील झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-शिसे वय (युरेनियमचं किती शिसं झालं यावरून काढलेलं) मात्र सुमारे 14 कोटीच येतं. 2024 च्या आकड्याशी फरक तीसेक लाख वर्षांचा, म्हणजे मोजमापाच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त.

मला कळलेलं असं: सीमा बहुधा कॅल्पिओनेला अल्पिना या सूक्ष्मजीवाश्माच्या भरभराटीवरून धरतात, पण ते युरोपातल्या चुनखडीत भरपूर, आणि तिथे वय काढण्याजोगी राख जवळपास नाहीच. राख अर्जेंटिनात. झिरकॉन उद्रेकाआधीच तयार झालेले असतील तर वय जास्त दिसायला हवं, कमी नाही. म्हणजे तो खुलासा इथे बसत नाही.

आपल्या भागातला बेसाल्ट साधारण 6.6 कोटींचा, त्यामुळे "सर, आमच्या वावरात सापडते का ही सीमा?" याचं उत्तर सोपं आहे: नाही, आपला खडक तिच्याहून बराच नवा. पैसे भरून शोधनिबंध घेणं जमत नाही, आणि चुंबकीय पट्ट्यांवरून (पृथ्वीच्या चुंबकीय दिशेच्या खडकांतल्या नोंदींवरून) वय जुळवणं मला जेमतेम समजतं.

मग गडबड नेमकी कुठे आहे: झिरकॉनमधून शिसं निसटण्यात (त्याने वय कमी दिसतं), की दोन खंडांतले जीवाश्म एकाच वेळचे मानण्यात? आणि तक्त्यावर कोणता आकडा लिहू?