‘पाऊसच तसा पडला हो!’

कातळकोपरा: परवा एका लेखात वाचलं, "ढगफुटीपुढे कुणाचं काय चालणार? समुद्रकाठच्या डोंगरांत दरडी कोसळायच्याच. झाडं लावा, पायथ्याला भक्कम भिंत घाला." खाली नमस्कारांची रांग. राहवेना, म्हणून हा धागा.

त्याच पावसात शेजारचा उतार जागचा हलत नाही, त्याचं काय? समुद्रावरून येणारे ढग डोंगराला अडतात, दिवसचे दिवस पाणी मुरतं. वर कुजलेल्या खडकाची जाड माती, खाली अखंड कातळ. पाणी त्या सांध्यावर येऊन तुंबतं, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी पायथा आधीच कापलेला. आणि दोष ढगाला! भिंत नंतर बघू. आधी पाणी काढा: माथ्यावर आडवा पक्का चर, उताराच्या पोटात, बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या, भोकं पाडलेल्या नळ्या, वरच्या भेगा बुजवणं.

वनमाळी: झाडांची टिंगल करू नका. आमच्या मागच्या टेकाडावर जंगल होतं तोवर चाळीस वर्षं एक ढेकूळ खाली आलं नाही. तोड झाली आणि सहाव्या पावसाळ्यात अर्धा उतार अंगणात. आणखी काय पुरावा हवा?

कातळकोपरा: टिंगल कुठे केली? तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. तोडीनंतर मुळं हळूहळू कुजतात, जुनी पकड गेलेली असते आणि नवी धरलेली नसते, म्हणून धोका लगेच न दिसता काही वर्षांनी वाढतो. पण बहुतेक मुळं वरच्या एक-दोन मीटरात. घसरण आठ मीटर खोलीवर असेल तर झाडं उभ्याउभ्या खाली येतात.

वनमाळी: मग वाळा लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. पण गवतात टेंडर कुठलं निघणार!

भिंतवाला: आला टेंडरवर. बावीस वर्षं भिंती बांधतोय, सगळं पाप आमच्याच माथी. एका बंगल्याला दगडी भिंत घातली, मागे खडीचा थर, दर दीड मीटरला वीपहोल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची भोकं. दोन वर्षांनी गेलो तर भिंतीला गुळगुळीत गिलावा, वर मोतिया रंग. भोकांतून ओघळ येतात, वाईट दिसतं म्हणून बुजवली म्हणे. एका जागी करंगळीएवढं भोक चुकून उरलं होतं, तिथून पिचकारी उडत होती. बाकी भिंतीला पोट सुटलेलं. पडली की नाव कुणाचं?

रानवाट: आणि वरच्या बंगल्यांचे शोषखड्डे? त्यावर कुणी बोलत नाही. आमच्या वरच्या शेजाऱ्याचा खड्डा उताराच्या कडेपासून चार पावलांवर. भर उन्हाळ्यात आमच्या मागच्या बांधाला ओल आणि हिरवं शेवाळ. सांगायला गेलो तर म्हणाला, "पाणी खालीच जाणार ना!"

भिंतवाला: शोषखड्ड्यामुळे कुठे डोंगर पडतो? काहीही.

रानवाट: हाँगकाँग, १९९४, क्वुन लुंग लाऊ. पाच माणसं गेली. जमिनीखालच्या नादुरुस्त गटारांतून झिरपलेलं पाणी हेच चौकशीत पुढे आलं. आणि मी काहीही बोलतो!

वनमाळी: हाँगकाँगला पैसा आहे.

रानवाट: १९७२ ला १८ जूनला एकाच दिवशी दोन दरडींत, त्यातली एक साउ माउ पिंगची, तिथे १३८ माणसं मेली, तेव्हा अक्कल कुठे होती? १९७६ ला त्याच साउ माउ पिंगला पुन्हा अठरा. मग १९७७ ला उतारांसाठी वेगळं खातं काढलं. पैशाआधी लाज लागते.

कातळकोपरा: शोषखड्डे पुरे. हाँगकाँगला पूर्वी उतारांना माती-चुना-सिमेंटचा लेप द्यायचे, त्याला ‘चुनाम’ म्हणतात. शब्द आपल्याच चुन्याचा. लेपाने वरचं पाणी अडतं. पण आत बाजूने पाझर येत असेल आणि बाहेर पडायला वाट नसेल, तर लेपच फुगतो. शॉटक्रीटचं, म्हणजे जोराने फवारलेल्या काँक्रीटचंही तेच.

रानवाट: पुरे कसे? तुमच्या घराच्या वरच्या बाजूला खड्डा नाही म्हणून पुरे.

वनमाळी: ३० जुलै २०१४ ला माळीण, बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला वायनाड. तिथे काय वीपहोल मोजणार होतात?

कातळकोपरा: नाही. तिथे प्रश्न दरडीच्या वाटेतून माणसं वेळेत हलवण्याचा. अख्खा डोंगर नळीने आवरत नाही, हे मान्य. पण घरामागचा दहा मीटरचा कापलेला उतार आवरतो, आणि आपण बोलतोय त्याबद्दल.

वनमाळी: म्हणजे लेख लिहिणाराही थोडा बरोबर!

कातळकोपरा: बंद घड्याळाइतका.

भिंतवाला: बरं, माथ्यावरचा चर मीही बऱ्याचदा गाळतो. मालक खर्च बघून ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो, मी वाद घालत नाही. झालं समाधान? आणि चर काढलाच तर तो साफ कोण करणार? पहिल्याच पावसात पानांनी भरतो, मग तोच पाणी साठवून उतारात सोडतो.

रानवाट: शेजारी.

भिंतवाला: 😂

रानवाट: हसू नका. काल त्याच्याकडे पुन्हा जाऊन आलो. खड्डा हलवणार नाही म्हणाला, पण बांधावर वाळा लावायला त्याची हरकत नाही. माझ्या बांधावर. माझ्या खर्चाने.